कोणता बांधा सुंदर, हे ठरतं कशावरून?

तुम्ही विचारलंय, सासरी म्हणतात ‘जरा अंग भरू दे’, ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात ‘पोट कमी कर’. मग यातली नैसर्गिक आवड कुठली? माझ्या मते दोन्ही नाहीत. त्या त्या ठिकाणी मान कशाला मिळतो, त्यावर ते ठरतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानिया देशातल्या मूर समाजात लग्नाआधी मुलींना बळेच खाऊ घालून लठ्ठ करायची जुनी चाल आहे, तिला लेब्लूह म्हणतात. उंटिणीचं दूध, वाडग्यामागून वाडगं. पोरीने तोंड फिरवलं की तिच्या पायाची बोटं काठ्यांच्या चिमट्यात दाबायची. वाळवंटात लठ्ठ बायको दिसली की लोकांनी ओळखावं, या घरात दूधदुभतं भरपूर आहे. हे वाचताना जीव कळवळतो. भरलेल्या अंगाचं कौतुक असलं म्हणजे बाई सुखी, असं कुणी म्हणू नये.

फिजीची गोष्ट याहून वेगळी. तिथल्या मूळ रहिवाशांत धष्टपुष्ट असणं म्हणजे घरच्यांनी नीट सांभाळलेलं असणं. जेवणाच्या वेळी वाटेवरून जाणाऱ्यालाही ‘या जेवायला’ अशी हाक. पोर रोडावली की घरचे काळजीत, तिला पाल्याचा काढा पाजणार. १९९५मध्ये नाद्रोगा भागात टीव्ही पोचला. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधक अ‍ॅन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याच्या विकारांची चिन्हं दिसणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन घटवायला मुद्दाम उलटी काढणारी पहिल्या वेळी एकही नव्हती, दुसऱ्या वेळी ११.३ टक्के होत्या. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या, त्याही साठ-पासष्टच, त्यामुळे सगळं खापर टीव्हीवर फोडता येत नाही. पण उपजत आवड तीन वर्षांत अशी पालटते का?

त्या मुलींनी दिलेलं एक कारण माझ्या मनातून जात नाही. टीव्हीवरच्या बायका बारीक आहेत आणि चांगल्या नोकऱ्या करतात. आपण बारीक झालो तर आपल्यालाही नोकरी मिळेल. तुमच्या मैत्रिणी पोटाबद्दल बोलतात तेव्हा त्यात मुलाखतीची, बढतीची धास्ती किती असते, ते जरा लक्ष देऊन ऐका. आणि त्यांच्यातली कुणी जेवल्यावर उलटी काढत असेल, तर तिला समजावत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे घेऊन जा.