नव्याने बी पेरलेल्या हिरवळीला पाणी किती आणि केव्हा द्यावे?

गवताच्या जातीनुसार बी रुजायला साधारण १ ते ३ आठवडे लागतात आणि तोवर मातीचा वरचा २ ते ३ सेंटिमीटरचा थर सतत ओलसर राहिला पाहिजे. त्यासाठी एकदाच भरपूर पाणी देण्यापेक्षा दिवसातून दोन-तीन वेळा बारीक फवाऱ्याने थोडे थोडे द्यावे, कारण जोराच्या धारेने बी वाहून एका कोपऱ्यात जमते आणि मधली जागा उघडी पडते. खरी नाजूक वेळ कोंब फुटल्यानंतरची असते: तेव्हा माती पूर्ण सुकली, तर ते लगेच करपतात. पाणी साचू लागल्यास मात्र हात आखडता घ्यावा. गवत ५ ते ७ सेंटिमीटर वाढल्यावर पाण्याच्या वेळा हळूहळू कमी करून, ओल १० ते १५ सेंटिमीटर खोल पोहोचेल इतके पाणी शक्यतो सकाळी द्यावे, म्हणजे मुळे खाली उतरतात.