कासिररवर पीएच.डी. करताय? येलची फाईल आधी बाजूला ठेवा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. एर्न्स्ट कासिरर या जर्मन तत्त्वज्ञावर पीएच.डी., गाईडचं म्हणणं ‘जुना माणूस, आता कोण वाचतं’, आणि येल विद्यापीठातली त्याची हस्तलिखितं बघायला जाता यावं म्हणून प्रवास-अनुदानाच्या फाईलमागे पाच महिने चाललेल्या तुमच्या चकरा. नावगाव बदललं तर ही २०१० सालची माझीच कहाणी. तेव्हा जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

जर्मन यायला हवं का, त्याच्या ‘एसे ऑन मॅन’ या इंग्रजी पुस्तकावर भागेल का, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. (हवं. नाही भागणार.)

माझं घोडं अडलं ते त्याच्या मुख्य ग्रंथाच्या तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत. ‘प्रतीकरूपांचं तत्त्वज्ञान’चा हा खंड १९२९चा. त्यात कासिरर स्वतःच सांगतो की समकालीन तत्त्वज्ञानाची चिकित्सा करणारा शेवटचा भाग इथे देत नाही, ‘जीवन’ आणि ‘गाइस्ट’ या विषयावर तो वेगळा छापीन. (गाइस्टला आत्मा म्हणावं की चैतन्य, यावर माझं आणि माझ्या गाईडचं आजही जमत नाही.) तो भाग त्याच्या हयातीत आलाच नाही. १९३३मध्ये त्याला हॅम्बुर्ग सोडावं लागलं. मग ऑक्सफर्ड, स्वीडन, येल, शेवटी कोलंबिया, आणि एप्रिल १९४५मध्ये न्यूयॉर्कला मृत्यू. एका जुन्या लेखाच्या तळटीपेत मला सापडलं की त्या भागाचा खर्डा येलमध्ये अप्रकाशित पडून आहे. झालं. सिनॉप्सिसमध्ये मी ऐटीत लिहिलं, ‘अप्रकाशित हस्तलिखिताचा अभ्यास’.

पुढचे चौदा महिने एका कार्यालयाने खाल्ले. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. आधी बोनाफाईड हवं, ते दिलं तर त्यावर जावक क्रमांक नाही. तो आणला तर विभागप्रमुखांची सही जुन्या नमुन्यातल्या अर्जावर आहे, नवा नमुना भरा. नवा नमुना कुठे मिळेल? तो अजून यायचाय. ‘फाईल वर गेली आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की वर नेमकं काय आहे, हा मला कासिररपेक्षा गहन प्रश्न वाटू लागला. तेवढ्यात फेलोशिपचं एक वर्ष सरलं.

मग एका चर्चासत्रात चहाच्या रांगेत एका निवृत्त प्राध्यापकांनी सहज विचारलं, “क्रोइसचा खंड बघितलात ना?” मी ‘हो, म्हणजे...’ असं काहीतरी पुटपुटलो. रात्री शोधलं. कासिररच्या अप्रकाशित लेखनाची मालिका हॅम्बुर्गच्या माइनर प्रकाशनाने काढली आहे, आणि जॉन मायकेल क्रोइसच्या संपादनाखाली १९९५ला निघालेला तिचा पहिलाच खंड म्हणजे मी शोधत होतो तो मजकूर. १९२८चा खर्डा, शिवाय १९४०च्या सुमाराचं आणखी लेखन. १९९६ला येलच्याच प्रेसने तो इंग्रजीत ‘चौथा खंड’ म्हणून आणलासुद्धा. काखेत कळसा म्हणावं, तर आमच्या ग्रंथालयात फक्त मॅनहाइमच्या जुन्या इंग्रजी भाषांतराचे १९५३ ते ५७मधले तीन खंड होते, त्यामुळे काखही रिकामीच.

कार्यालयाला शिव्या देऊन झाल्या, पण चूक माझी. तळटीप किती सालची आहे हे मी बघितलं नाही. म्हणून तुम्हाला एवढंच विचारतो: जे हस्तलिखित बघायचंय ते अठरा खंडांच्या त्या मालिकेत आहे का, हे खंडागणिक तपासलंत का? १९२९ला स्वित्झर्लंडमधल्या डाव्होसला त्याने दिलेली व्याख्यानंही त्यात आली आहेत. नसेल तर फाईल पळवा, माझ्या शुभेच्छा. तुमच्या विद्यापीठाचे नियम वेगळे असतील, माझं ऐकून अर्ज मागे घेऊ नका. फक्त प्रबंध त्या अर्जावर टांगू नका.

गाईडना उत्तर हवं असेल तर भांडू नका, कपाट दाखवा. १९९८ ते २००९मध्ये समग्र वाङ्मयाची हॅम्बुर्ग आवृत्ती पूर्ण झाली, आणि स्टीव्ह लॉफ्ट्सने ‘प्रतीकरूपां’च्या तिन्ही खंडांचं नवं इंग्रजी भाषांतर २०२०-२१मध्ये आणलं. ज्याला कोणी वाचत नाही त्याच्यावर इतका कागद कोणी खर्चत नाही. भाषांतर मात्र डोळे मिटून घेऊ नका. ‘डार्श्टेलुंग’ (ढोबळमानाने मांडून दाखवणं) आणि ‘रेप्रेझेंटाट्सिओन’ (प्रतिनिधित्व) हे त्याचे दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या इंग्रजी भाषांतरात दोन्हींचं रिप्रेझेंटेशन होतं, आणि मी त्या एका शब्दावर वीस पानं रचली होती. बाहेरच्या परीक्षकांनी ती दोन ओळींत झोपवली.

आता माझं वैयक्तिक मत, पटलं नाही तर सोडा. डाव्होसच्या कुस्तीत फार रमू नका. १९२९चा तिथला हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाबरोबरचा वाद फक्कड आहे, त्यावर पीटर गॉर्डनचं २०१०चं पुस्तकही उत्तम आहे, पण प्रत्येक सिनॉप्सिस तिथूनच सुरू होतो. कासिररला परत जिवंत केलं त्यात विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातल्या मंडळींचा मोठा वाटा आहे. ‘द्रव्य आणि फलन’ हे १९१०चं पुस्तक आणि पुंजभौतिकीवरचं (क्वांटम फिजिक्स) १९३७चं, स्वीडनमध्ये असताना छापलेलं, ही दोन घेऊन बसलात तर सांगण्यासारखं नवं पुष्कळ निघेल. मी स्वतः सौंदर्यशास्त्राकडून, सुझान लँगर या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंमार्गे आलो, म्हणून गणिताला घाबरलो. तुमचं बी.एस्सी. झालंय असं पोस्टमध्ये दिसतंय, तेव्हा तुम्हाला ती सबब नाही.

आणखी एक: टिपांमध्ये पहिल्या आवृत्तीचा आणि हॅम्बुर्ग आवृत्तीचा, दोन्ही पृष्ठक्रमांक पहिल्या दिवसापासून द्या. मी शेवटच्या महिन्यात साडेतीनशे टिपा बदलल्या.

क्रोइसच्या खंडाची अनुक्रमणिका मी तेव्हा मराठीत करून ठेवली होती, वहीत आहे. हवी असेल तर निरोप टाका, फोटो काढून पाठवतो. पुढच्या आठवड्यात मात्र, सध्या पेपर तपासणी चालू आहे.