खडकावरचं जांभळं शेवाळ: खावं का, कसं आणि किती

ताई, तुमचे प्रश्न तीन. देवगडला माहेरी पावसाळ्यात खडकांवर जांभळट, पातळ पापुद्र्यासारखं शेवाळ येतं, ते नोरीसारखं (सुशी या जपानी भाताच्या पदार्थाभोवती गुंडाळतात त्या सुक्या शेवाळाच्या पापुद्र्यासारखं) खाता येईल का? शाकाहारी माणसाचं बी-१२ त्यावर भागेल का? आणि थायरॉइडची गोळी चालू असलेल्या सासूबाईंना ते चालेल का?

वर्णनावरून ते पोर्फायरा नावाचं समुद्री शेवाळ वाटतंय. नोरीच्याच जवळच्या गोतातलं, खाण्याजोगं. पाऊस सरला की खडक मोकळे होतात, कारण एरवी ते बारीक तंतूंच्या रूपात शिंपल्यांच्या कवचात राहतं. ही गोष्ट जपानी शेतकऱ्यांनाही ठाऊक नव्हती. १९४९ साली कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी ती दाखवून दिली आणि मग नोरीची शेती भरवशाची झाली.

शेवाळापेक्षा पाणी कसलं आहे ते आधी बघा. समुद्री शेवाळ पाण्यातले जड धातू शोषून घेतं, त्यामुळे जेटी, नाल्याचं तोंड, बोटी रंगवायची जागा इथलं घ्यायचं नाही. शेजारी हिरवंगार, लेट्युससारखं उल्वाही दिसेल. तेही खातात, पण सांडपाणी मिळालं की ते जास्तच फोफावतं, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे काही काढू नका. आणि पावसाळी समुद्र आहे, तेव्हा ओहोटी लागल्यावरच आणि सोबत घेऊनच उतरा. पोर्फायरा खडकाच्या वरच्या अंगाला असतं, लाटेत शिरायची गरजच नाही. उपटू नका, बूड ठेवून कात्रीने कापा.

खरी मेहनत वाळू काढण्याची. पहिली धुणी तिथेच समुद्राच्या पाण्यात, मग घरी गोड्या पाण्यात पटापट दोन-तीनदा. भिजत ठेवलंत तर चव निघून जाते. ऊन नसतंच, तेव्हा सुती कापडावर पातळ पसरून पंख्याखाली वाळवा. मग लोखंडी तव्यावर मंद आचेवर, खोबरेल तेलाचे दोन थेंब टाकून परता. जांभळा रंग बघता बघता हिरवा होतो. तो झाला की लगेच उतरवा, क्षणभर जास्त राहिलं तर कडू. उकड्या तांदळाच्या पेजेवर चुरून टाका, वेगळं मीठ लागत नाही. भाजलेलं सुकं खोबरं, लसूण आणि सुकी मिरची घालून चटणी केलीत तर सुक्या जवळ्याची आठवण येते. तुमच्या शाकाहारी घरात ती सगळ्यांना झेपेलच असं नाही! ओलं असेल तर कांदा-खोबरं घालून टाकळ्यासारखी भाजी करा, पण ती थोडी बुळबुळीत होते. मला भजीच आवडतात.

पोषणाबद्दल फार हुरळून जाऊ नका. सुक्या पोर्फायरात वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा प्रथिनं असतात हे खरं, पण आपण खाणार चिमूटभर. ३ ग्रॅममधून १ ग्रॅम प्रथिन मिळालं तर मिळालं, त्यापेक्षा वाटीभर कुळथाचं पिठलं बरं. नोरीत बी-१२ सापडतं, पण तेवढ्यावर बी-१२ची गोळी बंद करू नका, रक्त तपासूनच ठरवा. गोळ्या-पावडरीत मिळणाऱ्या स्पिरुलिनाचा तर विचारही नको. त्यातलं बहुतेक ‘बी-१२’ शरीराच्या उपयोगाचं नसतं आणि ते समुद्री शेवाळही नव्हे.

आयोडीनचं मात्र जपून. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम पुरतं आणि ते आयोडीनयुक्त मिठातून बहुतेक मिळतंच. नोरीत आयोडीन बेताचं असतं. जपानी सुपात घालतात त्या कोंबू नावाच्या जाड समुद्री शेवाळाच्या एका ग्रॅममध्ये मात्र १,००० मायक्रोग्रॅमच्या वरही असू शकतं. म्हणून सासूबाईंना कोंबू किंवा केल्पच्या (त्याच गोतातल्या शेवाळाच्या) कॅप्सूल अजिबात नकोत. पोर्फायराची चिमूटही त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. घरात कोणी रक्त पातळ करायची वॉरफॅरिन घेत असेल तर त्यांनाही हेच लागू, कारण यात जीवनसत्त्व के असतं.

सासूबाईंना निर्धास्तपणे काही करून घालायचंच असेल तर चायना ग्रास आहे. तेही लाल समुद्री शेवाळाचंच, पण धुऊन, उकळून काढलेलं. कोकणातल्या मुसलमान घरांत रमजानला दुधातलं करतात, तसं करा. पूर्ण विरघळेपर्यंत उकळा आणि आंबट काही घालायचं तर आच बंद केल्यावर, नाहीतर नीट जमत नाही.

फोटो टाका आणि खडकाजवळ नाला किंवा जेटी आहे का तेही लिहा. फोटो बघितल्याशिवाय पोर्फायराच आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.