उचल फिटली नाही म्हणून माणूस अडकवून ठेवता येतो का?

प्रश्न : आम्ही बीड जिल्ह्यातले, बंजारा समाजाचे. थोरला भाऊ आणि वहिनी एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, १ लाख २० हजार उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला गेले. वहिनी तापानं आजारी पडली, त्याचे खाडे लावले. पट्टा पडल्यावर (हंगाम संपल्यावर) मुकादमानं ५८ हजार बाकी काढली आणि दोघांना, १० वर्षांच्या पुतणीसह, सांगली जिल्ह्यातल्या ओळखीच्या वीटभट्टीवर नेऊन घातलं. भावाचा मोबाइल मुकादमाकडेच आहे. मी आणायला गेलो तर म्हणाला, ‘पैसे टाक, माणसं ने.’ पोलीस म्हणतात, हा देण्याघेण्याचा मामला आहे, कोर्टात जा. कोऱ्या स्टॅम्पवर भावाचा अंगठा आहे, ४२० ची केस करीन अशी धमकी आहे. व्याजानं पैसे काढून भरून टाकू का?

उत्तर : भरू नका. एक रुपयाही नाही.

तुम्ही कळवलेली हकीकत ही सरळसरळ वेठबिगारी आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या कलम ६ नुसार असं देणं संपुष्टात येतं. कलम ९ तर पुढे जाऊन सांगतं की, संपलेल्या या देण्यापोटी पैसे स्वीकारणं हाच गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे ५८ हजार घेऊन माणसं सोडली, तरी मुकादम गुन्हेगारच ठरतो. तुमच्या डोक्यावर मात्र सावकार बसेल.

‘पण उचल तर खरंच घेतली होती ना?’ हे मला प्रत्येक वेळी विचारलं जातं, कधी कधी तहसीलमधले कारकूनही विचारतात. उचल घेणं गुन्हा नाही. त्या उचलीपोटी माणसाला किमान वेतनापेक्षा कमीत राबवलं, किंवा दुसरीकडे कामाला जाऊ दिलं नाही, किंवा हवं तिथं जाऊ दिलं नाही, की वेठबिगारी होते. तिन्ही गोष्टी लागत नाहीत, एक पुरे. १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं किमान वेतनाहून कमी पैशांत घेतलेलं काम हे घटनेच्या कलम २३ खाली सक्तीचं काम ठरवलं. शिवाय हे देणं वेठबिगारीचं नाही, हे शाबीत करायची जबाबदारी १९७६ च्याच कायद्याच्या कलम १५ नं मुकादमावर टाकली आहे, तुमच्या भावावर नाही.

पोलिसांचं म्हणणं चूक आहे. या कायद्याखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे. जामीनपात्रही आहे, त्यामुळे मुकादम लवकर बाहेर येईल हे धरून चाला आणि माणसं सुटली की त्यांना थेट गावी आणा.

अर्ज बीडला नव्हे, सांगलीला करायचा : जिल्हाधिकाऱ्यांना, आणि भट्टी ज्या हद्दीत आहे तिथल्या प्रांताधिकारी व तहसीलदारांना. नातेवाईक म्हणून तुम्ही तो देऊ शकता. अर्जाचं पहिलं वाक्य नीट जमवा. ‘हिशोबाचा वाद आहे’ असं लिहिलंत की फाइल दिवाणी म्हणून बाजूला पडते. लिहा : ‘उचलीच्या बाकीपोटी माझा भाऊ, भावजय व पुतणी यांना अमुक भट्टीवर अडकवून ठेवलं आहे, जाऊ देत नाहीत, तातडीनं मुक्त करावं.’ मग मोबाइल काढून घेतल्याचं, खाड्यांचं आणि ‘पैसे टाक, माणसं ने’ हे त्याच्याच शब्दांत. पोच घ्या. पुन्हा एकट्यानं भट्टीवर जाऊ नका. मारहाणीची भीती वाटली तर ११२ लावा.

पुतणी विटा उचलत किंवा थापत असेल तर तेही स्वतंत्रपणे लिहा, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवा. १४ वर्षांखालच्या मुलीला कामाला लावणं हा वेगळा गुन्हा आहे.

सुटका झाल्यावर तिघांचे जबाब भट्टीमालक आणि मुकादमाच्या समोर होऊ देऊ नका, आणि मुक्तता प्रमाणपत्र घेतल्याशिवाय तिथून निघू नका. ज्यांच्याकडून काम करून घेतलं त्या प्रत्येकाच्या नावाचं वेगळं. सगळं पुनर्वसन या कागदावर उभं आहे. केंद्राच्या योजनेत तातडीची मदत ३० हजारांपर्यंत, पुढे पुरुषाला १ लाख, स्त्री व बालकाला २ लाख. पण ही पुढची रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली आहे, तिच्या भरवशावर कर्ज काढू नका.

ॲट्रॉसिटीचं, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं विचाराल, तर तो लागणार नाही. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नाही. कोणी तसं कलम लावून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

४२० च्या धमकीनं दचकू नका. फसवणूक ठरायला पैसे घेतानाच बुडवायचा हेतू असावा लागतो, आणि तुमचा भाऊ तर हंगामभर फडात राबला. मात्र कोऱ्या स्टॅम्पचा उल्लेख आजच्याच अर्जात करा. उद्या त्यावर काही मजकूर उमटला तर आधीची तारीख तुमच्या कामाला येईल.

वकिलाची फी लागणार नाही. वेठबिगारीत सापडलेल्याला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा, आणि अर्ज देताना त्यांचा वकील बरोबर न्या.