हातांनी घडवलेला नाताळ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

नोव्हेंबर लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत नाताळाच्या खर्चाचा विषय हमखास असतो. यंदा अशा पत्रांची संख्या मोठी असल्यामुळे हा संपूर्ण अंक त्याच विषयाला दिला आहे. मिळतीजुळती पत्रे एकत्र केली असून वाचकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : या वर्षी आमच्या घरात दोघांऐवजी एकाचीच मिळकत आहे. मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी सहा वर्षांची आहे. भेटवस्तू घरीच करायच्या असे आम्ही ठरवले आहे. परंतु मुलांना कारण सांगावे की नाही, आणि सांगितले तर त्यांचा सण कोमेजणार नाही ना, अशी भीती वाटते.

उत्तर : सांगावे, आणि नोव्हेंबर संपायच्या आत सांगावे. अकरा वर्षांच्या मुलाला घरातली ओढाताण बहुधा न सांगताच कळलेली असते. त्याला कळत नसते ते एवढेच की या विषयावर मोठ्यांशी बोललेले चालेल की नाही. त्याच्याजवळ बसून, रडवेला सूर न लावता, यंदा सणासाठी किती रक्कम बाजूला काढली आहे हे त्याला आकड्यानिशी सांगा आणि त्या रकमेची वाटणी करताना त्याचे मत घ्या. मुलीला आकड्यांची गरज नाही. या वर्षी आपण विकत कमी आणायचे आणि घरी जास्त करायचे, एवढे तिला पुरे. मात्र ते आधी सांगायला हवे, कारण मुलांना दुःख होते ते भेट लहान असल्याचे नव्हे, तर मनात बाळगलेली अपेक्षा ऐन सकाळी मोडल्याचे.

भेटींची संख्या कमी करण्याचा माझ्या पाहण्यातला सर्वांत चांगला मार्ग चिठ्ठ्यांचा आहे. चौघांच्या घरात प्रत्येकाने प्रत्येकाला काही द्यायचे म्हटले तर बारा भेटी होतात, आणि आजी-आजोबा धरून सहा माणसे असली तर तीस. प्रत्येकाने नावाची एकच चिठ्ठी उचलली आणि त्या एका माणसासाठी मनापासून काही केले तर तीसच्या जागी सहाच भेटी होतात. शिवाय एका माणसाचा महिनाभर विचार करण्यात जो आनंद असतो तो तीस वस्तूंच्या धावपळीत मिळत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगायला हवी. घरी केलेली वस्तू स्वस्तच पडते हा समज खरा नाही. काही वर्षांपूर्वी मी सर्वांसाठी सुगंधी साबण करायचे ठरवले आणि साचे, तेले, रंग, बांधायच्या फिती असे एकेक सामान आणत गेले. शेवटी हिशेब मांडला तेव्हा तेवढ्या रकमेत दुप्पट साबण विकत आले असते असे दिसले, आणि ते साचे पुन्हा कधी वापरले गेले नाहीत. तेव्हापासून मी क्रम उलटा केला आहे. आधी घरातली कपाटे, शिवणाचा डबा आणि जुन्या कपड्यांचे गाठोडे उघडायचे आणि हाताशी काय आहे ते पाहून भेट ठरवायची. चांगल्या कापडाच्या जुन्या सदऱ्याची अस्तर लावलेली पिशवी होते, उरलेल्या लोकरीचा लहान मुलाचा मफलर होतो. मफलर विणायचा असेल तर पहिल्या संध्याकाळी किती बोटे विणून झाले ते मोजा आणि 24 डिसेंबरपर्यंत राहिलेल्या संध्याकाळींनी गुणा. उत्तर मफलरच्या लांबीपेक्षा कमी आले तर तो बेत तिथेच सोडून द्यावा.

तुमच्या मुलासाठी माझ्या मनात एक काम आहे. आजी जवळ असतील तर त्याने रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसून त्यांच्या हातचे पाच-सहा पदार्थ त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावेत. ‘चिमूटभर’, ‘अंदाजाने’, ‘वास सुटेपर्यंत’ हे त्यांचे शब्द सुधारू नयेत. ती वही ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरेल. मुलीने आपल्या वेळेची भेट द्यावी, म्हणजे बाबांबरोबर बागेला पाणी घालणे किंवा आईला गोष्ट वाचून दाखवणे, अशी चित्र काढलेली चिठ्ठी. आई-वडीलही मुलांना अशी भेट देऊ शकतात, पण त्या चिठ्ठीवर तारीख अवश्य घालावी, कारण तारीख नसलेले वचन मोठ्यांच्या कामात हरवते आणि मुले ते विसरत नाहीत.

प्रश्न : नाताळाचा केक दरवर्षी विकत आणतो. यंदा घरी करायचा आहे. परंतु सुकामेवा महाग आहे, आमच्या घरी मद्य वापरत नाहीत आणि मी पूर्वी केलेला केक फिकट व कोरडा झाला होता. कमी खर्चात चांगला केक होईल का?

उत्तर : होईल. केकची काळसर झाक आणि ओलावा महागड्या सुकामेव्यातून येतो असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात रंग येतो जाळलेल्या साखरेतून आणि ओलावा येतो फळे नीट भिजवण्यातून.

वीस सेंटिमीटरच्या गोल डब्यासाठी एकूण 500 ग्रॅम सुकी फळे घ्यावीत. त्यांपैकी 350 ग्रॅम मनुका, बेदाणे आणि बारीक चिरलेला खजूर असावा. उरलेल्या 150 ग्रॅममध्ये संत्र्याची पाकवलेली साल आणि परवडतील तेवढेच काजू किंवा बदाम घालावेत. साल विकत आणू नये, कारण ती आपण एरवी फेकून देतो. तीन संत्र्यांची साल पट्ट्या करून दहा मिनिटे उकळा, पाणी फेकून द्या, आणि ताजे पाणी घेऊन हेच आणखी दोन वेळा करा, म्हणजे कडूपणा निघून जाईल. मग सालीच्या वजनाइतकी साखर आणि साल बुडेल इतके पाणी घालून मंद आचेवर साल काचेसारखी पारदर्शक दिसेपर्यंत शिजवा आणि ताटात पसरून वाळवा.

मद्याच्या जागी 200 मिलिलिटर संत्र्याचा रस किंवा कडक कोरा चहा वापरावा. फळे त्यात पाच मिनिटे मंद आचेवर गरम करून झाकून ठेवली की रात्रभरात फुगतात. त्याहून अधिक काळ ठेवायची असतील तर भांडे फ्रीजमध्ये ठेवावे. आता रंगाची गोष्ट. एकूण 175 ग्रॅम साखरेपैकी 75 ग्रॅम साखर जाड बुडाच्या भांड्यात कोरडीच वितळवा. ती आधी सोनेरी होते, मग तांबूस, आणि मग अशी एक वेळ येते की कडेने बारीक फेस येऊन रंग गडद तपकिरी होतो आणि धुराची पहिली रेघ दिसते. नेमक्या त्या क्षणी गॅस बंद करून पाव वाटी गरम पाणी हळूहळू घालावे. पाणी पडताच पाक जोरात उसळतो, म्हणून भांडे खोल असावे, हात लांब ठेवावा आणि मुलांना त्या वेळी ओट्यापासून दूर ठेवावे.

हा पाक थंड झाल्यावर 200 ग्रॅम लोणी उरलेल्या साखरेबरोबर फेसून त्यात चार अंडी एकेक करून घाला, पाक घाला, मग 225 ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि दालचिनी, जायफळ व सुंठ यांची पूड मिसळा. फळे निथळून त्यांना यातलाच चमचाभर मैदा चोळला तर ती बुडाशी कमी बसतात. निथळलेला रस टाकू नका. भाजलेल्या गरम केकला सुईने टोचे पाडून तोच रस चमच्याने वर सोडायचा असतो, आणि तुमच्या मागच्या केकच्या कोरडेपणावर हाच उपाय आहे. डब्याला आतून कागदाचे दोन थर लावून 150 अंश सेल्सिअसवर दोन ते अडीच तास भाजावे, दीड तासाने वरून कागद झाकावा, आणि मधोमध घातलेली सळई स्वच्छ बाहेर आली की काढावा. मद्य नसल्यामुळे हा केक महिनाभर आधी करून ठेवू नये. आठवडाभर आधी करून, घट्ट गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवणे योग्य.

प्रश्न : दरवर्षी विकतची सजावट आणतो आणि जानेवारीत ती मोडून फेकली जाते. घरच्या घरी, टिकेल असे काय करता येईल?

उत्तर : आधी गव्हाणीचा विचार करावा, कारण सजावटीत अर्थाने तीच मुख्य आहे. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतील ग्रेच्चो गावी ख्रिस्तजन्माचे दृश्य उभे केले तेव्हा त्यात गवत घातलेली गव्हाण, एक बैल आणि एक गाढव एवढीच सामग्री असल्याचे वर्णन आहे. ज्या देखाव्याची सुरुवात इतक्या साधेपणाने झाली त्यासाठी रोषणाईचे डोंगर उभारायची गरज मला कधीच पटलेली नाही. पुठ्ठ्याचे खोके, वाळलेले गवत आणि मुलांनी केलेल्या मूर्ती पुरतात.

मूर्तींसाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि साधारण एक वाटी पाणी, असे पीठ घट्ट मळावे. सपाट आकृत्या अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या कापून मंद ओव्हनमध्ये, सुमारे 100 अंशांवर, दोन-तीन तास वाळवाव्यात. मीठ हवेतला ओलावा ओढते आणि पावसाळ्यात मूर्ती नरम पडतात. म्हणून रंग दिल्यावर दोन्ही बाजूंना वॉर्निशचा हात द्यावा आणि कागदात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवाव्यात. घरात कुत्रा असेल तर या आकृत्या त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, कारण इतके मीठ त्याच्या जिवावर बेतू शकते.

चांदणी कागदी पिशव्यांची करावी. सपाट बुडाच्या, एकाच मापाच्या सात-आठ पिशव्या घ्या. प्रत्येकीच्या बुडाशी आडवी आणि मधोमध उभी अशी गोंदाची रेघ ओढून एकावर एक चिकटवा. वाळल्यावर उघड्या तोंडाकडचे कोपरे तिरपे कापून टोक करा आणि पहिली पिशवी शेवटच्या पिशवीला भेटेपर्यंत सगळे गोल उघडा. ती पाकळ्यांसारखी उलगडते तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात! या चांदणीला फक्त एलईडी दिव्यांची माळ लावावी. कागदाजवळ मेणबत्ती किंवा तापणारा दिवा कदापि नको.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. हे सगळे कधी करायचे?

उत्तर : सगळे करू नका, केक, चांदणी आणि भेटी यांपैकी दोनच गोष्टी निवडा. वेळापत्रक आगमनकाळाने, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाने, आखूनच दिलेले आहे. त्याचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्या दिवशी यादी व चिठ्ठ्या, दुसऱ्या रविवारी सजावट, तिसऱ्या रविवारी केक, अशी कामे लावावीत आणि चौथा रविवार मोकळा ठेवावा. 2023 मध्ये आला तसा तो कधी कधी 24 डिसेंबरलाच येतो आणि त्यावर भिस्त ठेवणाऱ्यांची फजिती होते. अशा वर्षी तिसरा रविवार 17 तारखेला येत असल्यामुळे केक मात्र वेळेवर होतो. मुलांना दिवस मोजायला विकतचे खिडक्यांचे कॅलेंडर लागत नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील काही घरांत दारावर खडूने 24 रेघा ओढून रोज एक पुसत असत. हे आजही तसेच करता येते.

प्रश्न : आमचे नातेवाईक महागड्या वस्तू देतात. त्यांना घरी केलेली भेट देताना संकोच वाटतो. काय करावे?

उत्तर : तुमच्या मनातला संकोच मी समजू शकते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना कळवा की यंदा आम्ही घरी केलेल्याच भेटी देणार आहोत आणि तुम्हीही आमच्यासाठी काही विकत आणू नये अशी आमची इच्छा आहे. अनेकदा समोरच्यालाही सुटल्यासारखे वाटते. पुढाकार कोणी घ्यायचा एवढाच प्रश्न असतो. त्यांनी तरीही महाग वस्तू दिली तर ती आनंदाने घ्यावी, माफी मागू नये आणि बरोबरी करायला जाऊ नये.

केकच्या तुकड्याबरोबर हाताने लिहिलेले पानभर पत्र द्या. नाताळाचे पहिले छापील शुभेच्छापत्र 1843 मध्ये लंडनमध्ये हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून काढून घेतले, कारण कामाच्या व्यापात इतक्या लोकांना स्वतंत्र पत्रे लिहायला त्यांना सवड नव्हती. म्हणजे छापील कार्ड आले ते पत्राच्या जागी; तेव्हा पत्र देताना आपण काही कमी देत आहोत असे मानायचे कारण नाही. पत्रात वर्षभरातला त्या माणसाचा एखादा नेमका प्रसंग लिहावा, जसे की आजारपणात त्याने आणून दिलेला डबा किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री केलेला फोन. लिहायला चौथ्या रविवारची दुपार बरी, कारण तोवर केक झालेला असतो आणि टेबल मोकळे असते.