वाचक विचारतात: बेलेनेन्सेस नक्की कुठलं खरं?

(युरोपातल्या छोट्या फुटबॉल क्लबांबद्दल मागे या सदरात लिहिलं होतं, त्यानंतर लिस्बनच्या बेलेनेन्सेसबद्दल इतकी पत्रं आली की या वेळी सगळी जागा त्यांनाच दिली. काही प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केलेत.)

प्रश्न: स्कोअरच्या ॲपमध्ये जुने रिझल्ट चाळताना दिसलं, 2021 मध्ये बेनफिकाने बी-एसएडी नावाच्या टीमला 7-0 ने धुतलं आणि मॅच अर्धवट बंद. हे बी-एसएडी काय प्रकरण आहे? मित्र म्हणतो तेच बेलेनेन्सेस, दुसरा म्हणतो अजिबात नाही. (डोंबिवली)

दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, म्हणूनच भांडण मिटत नाहीये.

आधी ती मॅच. 27 नोव्हेंबर 2021. ओमायक्रॉन नुकताच आलेला, बी-एसएडीच्या टीममध्ये कोविड पसरला, बरेचसे खेळाडू क्वारंटाइनमध्ये आणि तरी मॅच काही पुढे ढकलली गेली नाही. मैदानात उतरले फक्त नऊ जण, त्यात दोन गोलकीपर, एक गोलमध्ये आणि दुसरा चक्क बाकीच्यांबरोबर पळायला. हाफटाइमला 0-7. ब्रेकनंतर सातच जण बाहेर आले, त्यातला एक लगेच खाली बसला, आणि सातपेक्षा कमी माणसं झाली की नियमाप्रमाणे मॅच चालूच शकत नाही, त्यामुळे रेफ्रीने खेळ थांबवला. त्या पोरांवर हसणारे तेव्हा खूप होते, मला तरी त्यांची कीव आली.

आता नावाचं. पोर्तुगालमध्ये क्लब म्हणजे सदस्यांची संस्था, वर्गणी भरणारे लोक, त्यांनी निवडून दिलेला अध्यक्ष. पण व्यावसायिक लीगमध्ये खेळायचं तर फुटबॉलपुरती वेगळी कंपनी काढावी लागते, तिला ते थोडक्यात एसएडी म्हणतात. बेलेनेन्सेसच्या अशा कंपनीतले 51 टक्के शेअर 2012 मध्ये कोडसिटी नावाच्या गुंतवणूकदार कंपनीने घेतले. पुढे क्लब आणि कंपनीचं पटेना, पटेना ते इतकं की 2018 च्या जूनअखेर स्टेडियम वापरण्याचा करार संपला तेव्हा क्लबने सांगितलं, आता तुमचं तुम्ही बघा.

मग गंमत बघा. लीगमधली जागा कंपनीची, म्हणून पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळणार कंपनी. स्टेडियम, चिन्ह, नाव, ट्रॉफ्या, जुने सदस्य हे सगळं क्लबकडे, पण खेळायला लीगच नाही! कंपनी आपली टीम घेऊन लिस्बनबाहेरच्या जामोरच्या नॅशनल स्टेडियममध्ये गेली, जिथे एरवी पोर्तुगीज कपची फायनल होते, आणि त्या भल्यामोठ्या स्टेडियममध्ये मूठभर प्रेक्षकांसमोर खेळायला लागली. क्लबने नवीन टीम उभी केली आणि लिस्बन जिल्ह्याच्या तळातल्या डिव्हिजनमध्ये नाव नोंदवलं, म्हणजे वरून सहावा थर. नंतर कोर्टकचेऱ्या झाल्या, कंपनीला बेलेनेन्सेसचं नाव आणि क्रॉसचं चिन्ह वापरायला बंदी आली, मग उरलं काय, तर बी-एसएडी. तुमच्या ॲपमध्ये दिसलं ते हे.

प्रश्न: पण सदस्यांनी शेअर विकलेच कशाला? आमच्याकडे तालमीची टीम कोण विकत घ्यायला आला तर अख्खी पेठ रस्त्यावर येईल. (कोल्हापूर)

येईल, खरंय, पण तालमीच्या डोक्यावर तेवढं कर्ज असलं तर काय होईल तेही एकदा विचारून बघा पेठेत.

बेलेनेन्सेस 2010 मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरलं होतं, तिजोरी रिकामी, पगार द्यायचे वांधे. अशा वेळी पैसेवाला दारात आला की लोक कागद नीट वाचत नाहीत. आणि सुरुवातीला तर सगळं झकास चाललं, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. 2013 मध्ये टीम वर आली, 2014-15 मध्ये सहावा नंबर काढला, त्याच्या पुढच्या सीझनला युरोपा लीगच्या ग्रुपमध्ये फिओरेन्तिना, बासेल आणि लेख पोझनान यांच्याबरोबर खेळली, बासेलला त्यांच्याच मैदानात हरवलं. त्या दिवशी कोणाला कंपनीचा राग आला नसणार.

त्यामुळे "दुष्ट कंपनी आणि बिचारे सदस्य" अशी जी स्टोरी इंटरनेटवर फिरते ती मला अर्धीच पटते. सह्या सदस्यांच्याच माणसांनी केल्या होत्या. पण सहाव्या थरात जायचा निर्णय घेणं म्हणजे खायचं काम नाही, तिथे मी त्यांना पूर्ण मार्क देतो. गल्लीतल्या टीमशी, कुठल्या कुठल्या कृत्रिम गवताच्या मैदानांवर खेळायचं, आणि तेही एकेकाळच्या चॅम्पियन क्लबने. 2019, 2020, 2021, 2022, 2023, लागोपाठ पाच वर्षं पाच प्रमोशन घेतली त्यांनी. सहाव्या थरातून थेट दुसऱ्यात (मध्येच 2021 ला लीगा 3 हा तिसरा थर नव्याने आला, म्हणून पायऱ्या पाच)! आणि 2023 च्या त्याच उन्हाळ्यात बी-एसएडी दुसऱ्यातून तिसऱ्यात पडलं, म्हणजे दोघं जिन्यात एकमेकांना क्रॉस झाले. एक वर जाताना, एक खाली येताना.

प्रश्न: बेलेंचा आणि आमच्या गोव्याचा संबंध आहे असं वडील सांगायचे, पण क्लबचाही आहे का? (मडगाव)

जागेचा आहे, आणि चांगलाच आहे. बेलें ही लिस्बनची नदीकाठची वस्ती, क्लबचं नावही तिच्यावरूनच, तेजू नदी समुद्राला मिळते त्याच्या अलीकडे. तिथल्याच रेस्तेलोच्या किनाऱ्यावरून 8 जुलै 1497 ला वास्को द गामाची जहाजं निघाली. त्यांच्या शिडांवर जो लाल क्रॉस होता, ऑर्डर ऑफ ख्राईस्ट या धार्मिक-लष्करी संघटनेचा, तोच क्रॉस आजही बेलेनेन्सेसच्या निळ्या जर्सीवर आहे, आणि स्टेडियमचं नावही रेस्तेलोच.

अजून एक ऐका. क्लबची स्थापना 23 सप्टेंबर 1919 ची, आणि असं सांगतात की ती ठरली बेलेंमधल्या आफोंसो द आल्बुकर्क चौकातल्या बागेच्या एका बाकावर. होय, तोच आल्बुकर्क ज्याने 1510 मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेतला. बाकावर बसलेल्यांच्या डोक्यात मात्र गोवा-बिवा काही नव्हतं हो, त्यांचं दुखणं वेगळं होतं. बेनफिकाचा मूळ क्लब 1904 मध्ये याच बेलेंमधल्या एका औषधाच्या दुकानात जन्माला आला आणि काही वर्षांत इथून उठून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. बेलेंची पोरं चांगली खेळायची आणि खेळायची दुसऱ्यांसाठी. आर्तुर जुझे परेरा हा त्या काळचा पोर्तुगालमधला एक नंबरचा खेळाडू, बेनफिका आणि स्पोर्टिंग दोन्हीकडे खेळून झालेला, त्याने पुढाकार घेतला की आपल्या वस्तीचा आपला क्लब हवा. म्हणजे 2018 ला जे झालं त्यात तसं नवीन काही नव्हतं, टीम वस्ती सोडून जाते आणि वस्ती दुसरी टीम काढते, हे बेलेंने आधीच करून दाखवलेलं.

प्रश्न: एकेकाळचे चॅम्पियन म्हणता, पण मोठं असं काय जिंकलंय यांनी? लीग तर नेहमी तिघांपैकीच कोणीतरी नेतं. (नाशिक, आणि असाच प्रश्न पुण्याहून दोघांचा)

नेहमी नाही. बेनफिका, पोर्तो, स्पोर्टिंग सोडून पोर्तुगालची लीग आजवर दोनच क्लबांनी जिंकलीय, 2001 मध्ये बोआव्हिश्ता आणि त्याच्या कितीतरी आधी 1945-46 ला बेलेनेन्सेस. शेवटची मॅच स्पेनच्या सीमेलगतच्या एल्वासला, जिंकलीच पाहिजे अशी, 2-1 ने जिंकले आणि बेनफिकापेक्षा एका पॉइंटने पुढे राहिले. गोलकीपर कापेला आणि समोर वास्को आणि फेलिसियानो हे दोन डिफेंडर, या तिघांना लोक बेलेंचे मनोरे म्हणायचे, कारण बेलेंचा मनोरा तिथे नदीकाठी उभाच आहे आणि या तिघांच्या पलीकडे बॉल जाणं अवघड.

पुढच्याच वर्षी, 14 डिसेंबर 1947 ला, रियाल माद्रिदने आपलं नवीन स्टेडियम उघडलं, ज्याला आपण आज बर्नाबेउ म्हणतो, तेव्हा उद्घाटनाच्या मॅचला पाहुणे कोण बोलावले? बेलेनेन्सेस. 3-1 ने हरले ते सोडा, पण त्या काळी त्यांचं वजन किती होतं ते कळतं.

आणि 1955 चं तर विचारूच नका. शेवटच्या दिवशी घरच्या सालेझियाश मैदानावर स्पोर्टिंगविरुद्ध 2-1 ने पुढे, चार मिनिटं उरलेली, मॅच संपली की चॅम्पियन. स्पोर्टिंगच्या मार्तिन्सने बरोबरी केली. पॉइंट बेनफिकाइतकेच झाले, पण आपापसातल्या मॅचमध्ये बेनफिका सरस, म्हणून लीग तिकडे. तेव्हापासून आजपर्यंत लीग परत हाताला लागली नाही. पुढच्या वर्षी ते सालेझियाश सोडून रेस्तेलोला आले, जुन्या दगडखाणीच्या जागेवर बांधलेल्या स्टेडियममध्ये, स्टँडवरून नदी दिसते असं.

पोर्तुगीज कप मात्र तीनदा, 1942, 1960 आणि 1989. तो 1989 चा कप फायनलला बेनफिकाला हरवून, जामोरलाच. त्याच सीझनला त्यांनी यूएफा कपमध्ये आदल्या वर्षीच्या विजेत्या लेव्हरकुसेनला दोन्ही मॅच 1-0 ने हरवून पहिल्याच राउंडला घरी पाठवलं होतं. मधल्या काळात, 1982 ला, इतिहासात पहिल्यांदा खाली घसरले आणि तिथून जी चढउतार सुरू झाली ती झालीच.

प्रश्न: पोर्तोची टीम रेस्तेलोला आली की कोणाच्या तरी स्मारकाला फुलं वाहते असं वाचलं. कोण तो? (रत्नागिरी)

पेपे. रियाल माद्रिदवाला नव्हे, त्याच्या खूप आधीचा, जुझे मानुएल सोआरेश. वस्तीतलाच गरीब घरातला पोरगा, फॉरवर्ड, 1928 च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकला पोर्तुगालकडून खेळला. 1931 च्या ऑक्टोबरमध्ये विषबाधा होऊन गेला, वय 23. घरच्या स्वयंपाकात चुकून कॉस्टिक सोडा पडला असं सांगतात. त्याचं स्मारक क्लबने उभारलं, रेस्तेलोला येताना बरोबर आणलं, आणि पोर्तोवाले तिथे आले की फुलं ठेवायची पद्धत पडली.

पेपेनंतर तेवढा जीव लोकांनी लावला तो मातातेउवर. मोझांबिकच्या लोरेन्सो मार्केशचा, म्हणजे आजच्या मापुतोचा, 1951 ला आला आणि दोनदा लीगचा टॉप स्कोअरर झाला, 1953 आणि 1955 ला. लोक त्याला जगातलं आठवं आश्चर्य म्हणायचे. त्याचा धाकटा भाऊ व्हिसेन्त पण याच क्लबचा, तो डिफेन्समध्ये, आणि 1966 च्या वर्ल्ड कपला पेलेला मार्क करण्याचं काम त्याच्याकडे होतं. पोर्तुगाल ती मॅच 3-1 ने जिंकलं. त्या मॅचमध्ये पेलेला लाथा घालून जायबंदी केलं म्हणून पोर्तुगालला आजही शिव्या बसतात, पण ते काम दुसऱ्याचं, व्हिसेन्तचं नाव त्यात ओढू नका. थोड्याच दिवसांनी कार अपघातात त्याच्या डोळ्याला मार लागला आणि करिअर तिथेच संपलं.

प्रश्न: मोरिन्योचा काही संबंध? (ठाणे)

आहे. कोच जुझे मोरिन्योचे वडील फेलिश मोरिन्यो तिथे गोलकीपर होते. जुझे स्वतःही तरुणपणी थोडे दिवस तिथे खेळाडू होता.

प्रश्न: मुलगी शिकायला लिस्बनला आहे, पुढच्या वर्षी जाणार आहोत. बेनफिकाची तिकिटं परवडत नाहीत. बेलेनेन्सेसची मॅच बघावी का, आणि हल्ली ते आहेत कुठे? (औरंगाबाद)

जरूर बघा ताई. 2023 ला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आले खरे, पण एका सीझनपेक्षा जास्त टिकता आलं नाही, 2024 ला परत लीगा 3 मध्ये गेले. माझ्या मते पाच वर्षांच्या पळापळीत टीम वर आली पण पैसा तेवढा वर आला नाही. तुम्ही जाल तेव्हा कुठल्या लीगमध्ये असतील ते निघायच्या आधी बघून घ्या, शेड्यूल पण आयत्या वेळी बदलतं.

जायला काइश दु सोद्रे स्टेशनवरून काश्काइशची लोकल पकडून बेलेंला उतरायचं, नाहीतर ट्राम 15. स्टेडियम टेकडीवर आहे, चढ आहे, गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करा. शक्य असेल तर नदी दिसेल अशा बाजूला बसा. फुटबॉल नसेल तर रग्बी बघा, क्लबची रग्बीची टीम पोर्तुगालमधल्या चांगल्या टीमपैकी आहे. आणि मुलीला आधीच सांगून ठेवा, तिथे कोणाला बी-एसएडीबद्दल विचारायचं नाही, निदान मॅच संपेपर्यंत तरी.