बाथचं नंबर १ रॉयल क्रेसेंट बघावं की ब्रिस्टलचं जॉर्जियन हाऊस?

हाताशी एकच दिवस आहे आणि अठराव्या शतकातलं एखादं श्रीमंत इंग्रजी घर आतून बघायचंय, तर बाथला जावं की ब्रिस्टलला, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर ब्रिस्टल.

बाथचं घर देखणं आहे, त्यात वादच नाही. १७६७ ते १७७४ या काळात बांधलेल्या तीस घरांच्या त्या अर्धचंद्राकृती रांगेतलं ते पहिलं घर. सामानसुमान, पडदे, जेवणाचं टेबल, सगळं त्या काळासारखं मांडलंय. पण एवढा पैसा आला कुठून, हा प्रश्न मनात घेऊन घर बघायचं असेल, तर ब्रिस्टलच्या ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरच्या ७ नंबरच्या घराला तोड नाही. शिवाय तिथे प्रवेश मोफत आहे.

हे घर १७९०च्या सुमारास जॉन पिनी याने बांधून घेतलं. कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर त्याचे उसाचे मळे होते आणि घाम गाळायला गुलाम होते. ऊस तोडला की तो पडून राहून चालत नाही, लगेच गाळावा लागतो, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको. त्या बेटांवर हंगामात रात्रंदिवस घाणे चालायचे आणि राबणाऱ्यांना मजुरी नव्हती. तरुणपणी पिनीने गुलाम विकत घेतले, तेव्हा लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की, माणसं विक्रीला मांडलेली पहिल्यांदा पाहिली तेव्हा धक्का बसला. पण देवानेच त्यांना आपल्या उपयोगासाठी नेमलं असणार, नाहीतर त्याने काहीतरी खूण दाखवली असती. हे पत्र डोक्यात ठेवून त्याच्या दिवाणखान्यात उभं राहा. त्या सुरेख खोल्यांकडे बघायची नजरच बदलते.

माझा आग्रह एवढाच, की आधी तळघरात उतरा. बहुतेक लोक वरचे मजले बघून दमतात आणि तळघर घाईत उरकतात. तिथे स्वयंपाकघर आहे, कपडे धुण्याची खोली आहे आणि एक अजब गोष्ट आहे: थंड पाण्याचा दगडी हौद. दगडी पायऱ्या उतरून आत जायचं. थंड पाण्यात डुबकी मारणं तब्येतीला चांगलं, अशी तेव्हाच्या श्रीमंतांची समजूत होती, आणि पिनी त्यासाठीच हा हौद वापरायचा. ब्रिस्टलच्या हिवाळ्यात, नळ नसलेल्या काळात, एका माणसाच्या डुबकीसाठी एवढी सोय! तिथे जरा थांबा, कारण मालकाच्या दिमतीला असलेल्या माणसांची आठवण मला या घरात सगळ्यात जास्त इथेच येते.

त्यातला एक होता पेरो. पिनीने त्याला नेव्हिसवर १७६५ साली विकत घेतलं, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्याच्या दोन बहिणीही, नॅन्सी आणि शीबा, त्याच वेळी विकत घेतल्या गेल्या. १७८३ साली पिनी कुटुंब इंग्लंडला परतलं, तेव्हा मालकाचा खासगी नोकर म्हणून पेरोला सोबत आणलं. बहिणी मागेच राहिल्या. १७९८ साली तो वारला, पण पिनीने त्याला कधी मुक्त केलं नाही. त्याच्याबरोबर फॅनी कोकर नावाची बाईही आली होती. ती जन्माने गुलाम, पण १७७८ साली मुक्त झालेली. मुलं सांभाळायला तिला आणलं आणि पुढे ती ब्रिस्टलच्या ब्रॉडमीड बॅप्टिस्ट चर्चची सभासद झाली. संग्रहालयात पिनी आणि गुलामगिरीबद्दल एक छोटं प्रदर्शन आहे, ते अजिबात चुकवू नका. माझ्या मते ते याहून मोठं हवं होतं. पलंग आणि कपाटांना अख्ख्या खोल्या मिळतात, तर या माणसांना निदान तेवढी जागा मिळायला हवी.

कवितेची आवड असेल तर एक जादा माहिती: १७९५ साली वर्ड्सवर्थ या घरात काही आठवडे राहिला होता.

बाहेर पडलात की पार्क स्ट्रीटचा उतार उतरून कॉलेज ग्रीनला या. तिथे राजा राममोहन रॉय यांचा पुतळा आहे. ते १८३३ साली ब्रिस्टलजवळच्या स्टेपलटनला वारले. समाधी आर्नोस व्हेल दफनभूमीत आहे, पण ती थोडी लांब पडते. कॉलेज ग्रीनवरून बंदराकडे पाच-सात मिनिटं चाललं की पेरोच्या नावाचा पादचारी पूल लागतो. १९९९ साली खुला झालेल्या या पुलावर दोन भलीमोठी शिंगं आहेत, त्यामुळे तो लांबूनही ओळखू येतो.

घर नीट बघायला दीड तास पुरतो. जिने बरेच आहेत, तेव्हा सोबत वयस्कर कोणी असेल तर त्याचा विचार करा. हिवाळ्यात संग्रहालय काही महिने बंद असतं आणि एरवीही आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, म्हणून निघण्याआधी वेबसाइटवर वेळा बघून घ्या. बाथ रेल्वेने जेमतेम पंधरा मिनिटांवर आहे. सकाळी लवकर ब्रिस्टल उरकलंत, तर दुपारी रॉयल क्रेसेंट निदान बाहेरून तरी बघून होईल.